तापाचे सगळे नमुने ५६ अंशांवर अर्धा तास? आमच्या लॅबमधला नवा नियम

मीना_डीएमएलटी

सातारा रस्त्यावरच्या एका छोट्या लॅबमध्ये टेक्निशियन आहे. लॅबचं नाव विचारू नका.

गेल्या महिन्यात सरांनी नियम काढला. तापाचा पेशंट असेल तर सिरम, म्हणजे गोठलेल्या रक्तावरचं पिवळसर पाणी, वेगळं करायचं, वॉटर बाथमध्ये ५६ अंशांवर अर्धा तास ठेवायचं आणि मगच अ‍ॅनालायझरवर लावायचं. निपाह या जीवघेण्या विषाणूच्या बातम्या वाचून त्यांनी धसका घेतलाय. हेतू चांगलाच आहे, आमच्याच जिवाची काळजी करतायत. पण काल एका बालरोगतज्ज्ञांचा फोन आला. आठ वर्षांचा मुलगा, ताप, पाय दुखतात. आमच्या रिपोर्टात एएलपी, म्हणजे हाडांतून आणि यकृतातून रक्तात येणारं एन्झाइम, २६. डॉक्टर म्हणाले, "वाढत्या वयाच्या पोराची एएलपी २६? माझी तरी याच्यापेक्षा जास्त येईल. मशीन बघा तुमचं."

मशीन बघितलं. कंट्रोलच्या, म्हणजे आकडा आधीच माहीत असलेल्या नमुन्यांच्या, दोन्ही लेव्हल बरोबर आल्या. सर म्हणतात, लव्हेंडर ट्यूबमधलं प्लाझ्मा (न गोठू दिलेल्या रक्तातलं पाणी) चुकून पडलं असणार, म्हणजे खापर माझ्यावर. मला खात्री आहे की पिवळ्या ट्यूबचंच सिरम होतं.

तर तापवल्यामुळे असं होतं का? होत असेल तर कुठल्या टेस्ट धरायच्या आणि कुठल्या सोडायच्या?

पेठेतला_पॅथॉलॉजिस्ट

मीनाताई, आधी एक सांगा. त्याच नमुन्यात पोटॅशियम आणि कॅल्शियम केलंय का?

मीना_डीएमएलटी

हो सर. पोटॅशियम ४.३, कॅल्शियम ९.५.

पेठेतला_पॅथॉलॉजिस्ट

मग लव्हेंडर ट्यूबचा आरोप तिथेच निकालात निघाला. त्या ट्यूबमध्ये पोटॅशियमचं ईडीटीए, म्हणजे रक्त गोठू न देणारं रसायन, असतं. ते सिरममध्ये मिसळलं की पोटॅशियम अचाट वर जातं आणि कॅल्शियम पार तळाला. एएलपीला काम करायला जस्त आणि मॅग्नेशियम लागतं, ते ईडीटीए पकडून ठेवतं म्हणून एएलपीही पडते. पण या तिन्ही गोष्टी एकदम दिसायला हव्यात. इथे पोटॅशियम, कॅल्शियम जागेवर आणि फक्त एएलपी गायब. ही उष्णतेची करामत आहे.

त्यातही मुलगा लहान, म्हणून फरक ठळक दिसला. वाढत्या वयात रक्तातली बहुतेक एएलपी हाडांतून येते आणि हाडांची एएलपी उष्णतेला सगळ्यात हळवी. यकृताची थोडी टिकाऊ, आणि गरोदर बाईच्या वारेतली तर ५६ ला हलतसुद्धा नाही. पूर्वी आयसोएन्झाइम, म्हणजे एकाच एन्झाइमचे वेगवेगळ्या अवयवांतले प्रकार, वेगळे करायची सोय नव्हती तेव्हा याच गुणाचा उपयोग करायचे. सिरम ५६ अंशांवर १० मिनिटं ठेवून उरलेली एएलपी मोजायची. २० टक्क्यांहून कमी उरली तर मूळ बहुधा हाडांत, जास्त उरली तर यकृतात. तुमच्याकडे तर पूर्ण ३० मिनिटं. एखाद्या गरोदर बाईचा नमुना असता तर कदाचित कुणाला संशयही आला नसता.

त्या बालरोगतज्ज्ञांना माझा नमस्कार सांगा. "क्लिनिकली कोरिलेट करा" हे आम्ही रिपोर्टाखाली छापतो, पण करणारे थोडे.

सिंहगडरोडकर

मी वैद्यकीय क्षेत्रातला नाही. पण आमच्या चिरंजीवांचा ताप आठवडाभर चालू आहे, त्यामुळे प्रश्न पडला. तापवलेल्या रक्ताचा रिपोर्ट आहे हे कागदावर लिहिलेलं असतं का? आम्हा गिऱ्हाइकांना कळणार कसं?

पेठेतला_पॅथॉलॉजिस्ट

लिहायलाच हवं. नमुन्यावर नेहमीपेक्षा वेगळी कुठलीही प्रक्रिया केली की शेरा जातो. शिवाय त्या प्रक्रियेने निकाल बदलत नाही हे लॅबने आधी स्वतः पडताळून ठेवायचं असतं. एनएबीएलचे, म्हणजे लॅबला मान्यता देणाऱ्या संस्थेचे, असेसर आले की पहिला कागद तोच मागतात. तुम्ही काळजी करू नका, बहुतेक लॅब रोजच्या तपासण्यांसाठी नमुने तापवत नाहीत.

निवृत्त_मावशी

मीना, तुझ्या सरांना सांग, हा खेळ आम्ही खेळून झालोय.

भारतात १९८६ साली एचआयव्ही सापडला आणि सगळ्या प्रयोगशाळांच्या पोटात गोळा आला. मी तेव्हा सरकारी इस्पितळात बायोकेमिस्ट्रीला होते. संशयित पेशंटची ट्यूब आली की कुणी हात लावायला तयार नसायचं. मग कुठून तरी परिपत्रकवजा कागद आला, ५६ ला अर्धा तास. वॉटर बाथ होताच, व्हीडीआरएलसाठी, म्हणजे सिफिलिसच्या तपासणीसाठी, रोज लागायचा. सुरू केलं. थोड्याच दिवसांत वॉर्डातून निरोप यायला लागले की तुमचे एन्झाइम कुठे जातायत. सीके, म्हणजे स्नायूंतलं एन्झाइम, तर विचारूच नका, स्नायूंच्या दुखण्याच्या पेशंटची सीके जवळपास शून्यावर.

दुसरी भानगड निघाली एलायझात, म्हणजे प्लेटवर अँटिबॉडी शोधायच्या तपासणीत. तेव्हाच्या पहिल्या पिढीच्या एचआयव्ही किटवर तापवलेलं सिरम लावलं की काही निरोगी माणसं पॉझिटिव्ह यायची. उष्णतेने अँटिबॉडी एकमेकींना चिकटून गठ्ठे होतात आणि ते प्लेटवर जाऊन बसतात. त्या काळात खोटा एचआयव्ही पॉझिटिव्ह म्हणजे माणूस आयुष्यातून उठायचा. पुढे १९८७ ला अमेरिकेच्या सीडीसी या आरोग्य संस्थेने सरळ सांगितलं की प्रत्येकच रक्त संसर्गजन्य समजा, हातमोजे घाला, सुया वाकवू नका. संशयित वेगळे आणि बाकीचे वेगळे हा भेदच काढून टाकला. त्यानंतर आमच्याकडचं तापवणं आपोआप बंद झालं.

लॅबमालक_चिंचवड

इथे सगळे एका सुरात बोलतायत म्हणून दुसरी बाजू मांडतो. काडी टाकतोय म्हणा हवं तर.

मोठ्या लॅबवाल्यांना बोलायला काय जातंय. माझ्याकडे तीन मुली कामाला. बायोसेफ्टी कॅबिनेट, म्हणजे जंतू बाहेर न सोडणारं कामाचं कपाट, नाही, ती काही फुकट मिळत नाही. २०२० मध्ये स्वॅबच्या नळ्या ५६ ला तापवूनच पीसीआरला घ्या असं भलेभले सांगत होते, तेव्हा कुणी नाकं मुरडली नाहीत. उद्या माझ्या मुलीला काही झालं तर पॅथॉलॉजीच्या पुस्तकातली एएलपी तिच्या आईला दाखवू का? माझा साधा सवाल आहे. एएलपी आणि सीके सोडून द्या, बाकीच्या टेस्ट तापवून का करू नयेत?

व्हायरसवाली

चिंचवडकर, सवाल रास्त आहे, पण त्याचे दोन तुकडे करू. तापवल्याने नमुना खरंच सुरक्षित होतो का, आणि निकाल किती टिकतो.

पहिला तुकडा. ५६ अंश आणि अर्धा तास हे प्रामुख्याने चरबीचं आवरण असलेल्या विषाणूंसाठी आहे. एचआयव्ही, करोना हे त्यात बऱ्यापैकी मरतात. "बऱ्यापैकी" मुद्दाम म्हणतेय, कारण सिरममधली प्रथिनं विषाणूला थोडं संरक्षण देतात. इबोलासाठी ६० अंशांवर तासभर धरतात. आणि तुमच्या मुलींना रोजच्या कामात खरा धोका कशाचा? हिपॅटायटिस बी आणि सी चा. त्यातला बी भलताच चिवट, ५६ ला अर्ध्या तासात त्याचा भरवसा धरता येत नाही. रक्तापासून औषधासाठी अल्ब्युमिन बनवतात ते ६० अंशांवर सलग १० तास ठेवतात, यावरून अंदाज घ्या. जिवाणूंचे स्पोअर तर याला भीकच घालत नाहीत. वर सुई टोचण्याचा धोका रक्त काढतानाच असतो, तेव्हा वॉटर बाथ कुठे असतो? म्हणजे मुलींना सुरक्षित वाटतं, असतात नाही.

२०२० चं म्हणाल तर तेव्हाही हा वाद झालाच. विषाणू कमी असलेल्या नळीत तापवल्यावर आरएनए आणखी तुटतो आणि निकाल निगेटिव्हकडे झुकतो. म्हणून बऱ्याच ठिकाणी नमुना थेट लायसिस बफरमध्येच घ्यायला लागले. त्यातली रसायनं विषाणू फोडतात आणि आरएनए सांभाळतात.

दुसरा तुकडा पॅथॉलॉजिस्ट सरांनी घ्यावा.

पेठेतला_पॅथॉलॉजिस्ट

घेतो. डोक्यात एकच गोष्ट ठेवा, मोजायची वस्तू लहान आणि साधी की मोठी आणि घडीची?

सोडियम, पोटॅशियम, क्लोराइड, युरिया, क्रिएटिनिन, सिरममधली साखर, कोलेस्टेरॉल यांना ५६ अंशांचं फारसं काही वाटत नाही. मात्र आधी सेंट्रिफ्यूज करून सिरम वेगळं केलेलं हवं. अख्खं रक्त तापवलं तर तांबड्या पेशी फुटतात, आतलं पोटॅशियम बाहेर येतं आणि वॉर्डात उगाच धावपळ. नळीचं झाकण नीट लावलेलं नसेल तर पाणी उडून सगळंच थोडं थोडं चढं येतं.

एन्झाइम म्हणजे घडी घातलेलं प्रथिन. घडी विस्कटली की काम बंद, आणि आपण मोजतो ते त्याचं कामच. एएलपी, सीके पार जातात. लायपेज घटतं. यकृताच्या तपासणीतली एसजीपीटी घटते, एसजीओटी त्या मानाने कमी घटते. डेंगीत आपण याच दोन आकड्यांवर नजर ठेवून असतो, तेव्हा तापाच्याच पेशंटचं सिरम तापवणं म्हणजे नेमकं नको तिथे हात घालणं. एलडीएचमध्ये यकृताचा प्रकार नाजूक, हृदयाचा टणक, त्यामुळे उरलेल्या आकड्याचा अर्थच लावता येत नाही. अमायलेज बऱ्यापैकी तग धरतं.

रक्त गोठण्याच्या तपासण्या, पीटी, एपीटीटी, यांचं नावच काढू नका. फॅक्टर पाच आणि आठ जातात आणि फायब्रिनोजेन ५६ च्या आसपास साकळून खाली बसतं. सीबीसीसाठी पेशी शाबूत लागतात आणि तांबडी पेशी पन्नाशीच्या अलीकडेच तुकडे टाकायला लागते.

अँटिबॉडीचं प्रकरण मधलं. तिच्या प्रकारांत आयजीजी दणकट, आयजीएम त्याहून नाजूक, आयजीई सर्वांत नाजूक. कॉम्प्लिमेंट, म्हणजे अँटिबॉडीला मदत करणारी रक्तातली प्रथिनं, पूर्ण नष्ट. म्हणून चिंचवडकर, "बाकीच्या टेस्ट" अशी एक गठडी बांधता येत नाही. किटच्या खोक्यातला तो बारीक अक्षरांतला कागद काढा. अनेक एलायझा आणि कार्ड टेस्टच्या इन्सर्टमध्ये तापवलेला नमुना वापरू नये असं स्पष्ट छापलेलं असतं.

मीना_डीएमएलटी

सर, फायब्रिनोजेनचं वाचून हसू आलं. पहिल्याच आठवड्यात सरांनी निळ्या ट्यूबचं सायट्रेट प्लाझ्मासुद्धा तापवायला सांगितलं होतं. बाहेर काढलं तर ताकासारखं पांढरट गढूळ. मशीनने सुई घातली आणि क्लॉट एरर देऊन गप्प बसलं, प्रोब धुण्यात दुपार गेली. तेव्हापासून फक्त सिरम तापवतो.

पण व्हीडीआरएलला तर आम्ही पहिल्यापासून ५६ ला तापवतो. तेही चूक का?

निवृत्त_मावशी

ते बरोबर. तिथे जंतू मारायचा नसतो, कॉम्प्लिमेंट मारायचं असतं, नाहीतर रिअ‍ॅक्शनमध्ये लुडबुड करतं. व्हीडीआरएलची पद्धतच तापवलेल्या सिरमवर बसवलेली आहे. चार तासांपेक्षा जास्त वेळ गेला तर पुन्हा १० मिनिटं तापवायचं. आरपीआर कार्डला, म्हणजे सिफिलिसच्याच दुसऱ्या तपासणीला, गरज नाही. आणि पाठीच्या पाण्यावर व्हीडीआरएल करतेस तेव्हा ते तापवायचं नाही, नवीन मुली हे हमखास विसरतात.

रक्तपेढीतला_नाना

मावशींना +१. आमच्याकडे उलटं असतं, आम्हाला कॉम्प्लिमेंट हवं असतं. किड या रक्तगटाच्या काही अँटिबॉडी त्याच्या मदतीनेच पकडल्या जातात. तापवलेल्या सिरमवर क्रॉसमॅच (दात्याचं आणि पेशंटचं रक्त जुळतं का ही तपासणी) केला तर अशी अँटिबॉडी निसटू शकते, आणि किडची अँटिबॉडी निसटली तर रक्त चढवल्यावर काही दिवसांनी तांबड्या पेशी फुटायला लागतात. मीनाताई, रक्तपेढीकडे पाठवायची ट्यूब चुकूनसुद्धा त्या बाथमध्ये जाऊ देऊ नका.

सिंहगडरोडकर

माहितीपूर्ण धागा. अवांतर: डेंगीचं कार्ड तापवलेल्या रक्तावर केलं तर?

व्हायरसवाली

अवांतर कसलं, मुद्द्याचंच आहे. करोनाच्या अँटिबॉडी कार्डांवर २०२० मध्ये हे तपासलं गेलं. तापवलेल्या सिरमने रेघ फिकी पडली आणि आधीच फिकी असलेली नाहीशी झाली. डेंगीत चौथ्या-पाचव्या दिवशी आयजीएम नुकतं उगवत असतं, रेघ तशीही डोळे बारीक करून बघावी लागते. तिथे असला धोका का पत्करायचा?

गंमत म्हणजे उष्णतेने कधीकधी उलटही होतं. एचआयव्हीचं पी२४ अँटिजेन, म्हणजे विषाणूचं एक प्रथिन, रक्तात अँटिबॉडीने झाकलेलं असतं. पातळ केलेलं प्लाझ्मा उकळत्या तापमानाला काही मिनिटं ठेवलं की अँटिबॉडी विस्कटते, पी२४ मोकळं होतं आणि जास्त पकडलं जातं. पण ती मुद्दाम आखलेली, तपासलेली पद्धत आहे. "बघू या तापवून" यातली नव्हे.

लॅबमालक_चिंचवड

बरं, एन्झाइम आणि कार्डाचं मान्य. हिपॅटायटिस बी चं माहीत नव्हतं, ते मनाला लागलं. पण मुद्दा उरतोच. निपाहचा पेशंट पाटी लावून येत नाही, साधा ताप म्हणूनच येतो. तेव्हा आम्ही काय करायचं?

व्हायरसवाली

खरं आहे. सगळ्यात अवघड जागा तीच. यावर कुठलाही वॉटर बाथ उपाय नाही, विचारपूस हा आहे. रक्त काढणाऱ्याने दोन प्रश्न विचारायचे: गेल्या तीन आठवड्यांत कुठे प्रवास, आणि घरात किंवा इस्पितळात अशा आजारी माणसाची सेवा केली का. उत्तराने पाल चुकचुकली तर नमुना मशीनवर लावायचाच नाही. डॉक्टरांना फोन, महापालिकेच्या आरोग्य विभागाला फोन. पुढचं काम त्यांचं. आपण पुण्यात आहोत हे त्यातल्या त्यात नशीब. पाषाणला एनआयव्हीची (राष्ट्रीय विषाणू संस्थेची) बीएसएल-४, म्हणजे सर्वांत धोकादायक विषाणूंसाठीची, प्रयोगशाळा आहे, २०१२ मध्ये सुरू झालेली, देशातली पहिली. २०१८ साली कोझिकोडच्या निपाहचं शिक्कामोर्तबही एनआयव्हीनेच केलं होतं. तिथे नमुना तीन पदरी पॅकिंगमध्ये, थंड साखळीत जातो. तापवून पाठवलात तर विषाणू वाढवून बघायची वाटच बंद होते.

जिथे असे पेशंट खरोखर सांभाळावे लागतात आणि सोडियम, क्रिएटिनिन तर रोज हवंच असतं, तिथे वेगळी व्यवस्था करतात. २०१४ च्या पश्चिम आफ्रिकेतल्या इबोला साथीत बंद कार्ट्रिजची छोटी यंत्रं खाटेजवळ नेऊन वापरली. काही ठिकाणी सिरममध्ये ट्रायटॉन एक्स-१०० हे डिटर्जंट घालतात, त्याने विषाणूचं आवरण विरघळतं आणि एन्झाइमांना उष्णतेइतका फटका बसत नाही. तेही आधी पडताळून.

रोजच्यासाठी खर्च न वाढवता: तिघींचं हिपॅटायटिस बी चं लसीकरण, ०, १ आणि ६ महिने, आणि नंतर महिना-दोन महिन्यांनी टायटर, म्हणजे अँटिबॉडीची पातळी, १० च्या वर आलंय ना बघायला. सेंट्रिफ्यूज थांबल्या थांबल्या झाकण उघडायचं नाही. नळीचं बूच उपटताना टिश्यू धरायचा. शक्य तिथे बंद नळीतून उचलणारं मशीन. आणि तोंडाने पिपेट अजून कुणी ओढत असेल तर त्याला दोन लावायच्या (हलके घ्या).

निवृत्त_मावशी

एक राहिलं. वॉटर बाथमध्ये नळी सिरमच्या पातळीपर्यंतच बुडते. बुचाला आतून लागलेला थेंब पाण्याच्या वर असतो, तो काही ५६ ला पोचत नाही. आणि तोच पहिल्यांदा तुमच्या बोटाला लागतो. तशीच वेळेची गोष्ट. बाथचा आकडा ५६ दाखवतो तेव्हा नळीतलं सिरम अजून कोमट असतं. आम्ही एका नळीत नुसतं पाणी भरून त्यात थर्मामीटर ठेवायचो, तो ५६ ला आला की घड्याळ लावायचं. व्हीडीआरएल करताना हे करच. बाथ ६०-६५ कडे घसरला तर सिरमची जेली होते ती वेगळीच.

मीना_डीएमएलटी

धागा सरांना वाचायला दिला. आधी कपाळाला आठ्या, मग म्हणाले, करून बघू. त्यांनी स्वतःचंच रक्त काढायला लावलं. सिरमचे दोन भाग, एक तापवलेला, एक साधा, एकाच रनमध्ये लावले. सोडियम, पोटॅशियम, क्रिएटिनिन सारखंच. एएलपी आणि सीके तापवलेल्यात कोसळलेली. एसजीपीटी पण खाली. सर बराच वेळ प्रिंटआउटकडे बघत उभे होते. त्या मुलाचं रक्त पुन्हा घेतलं, न तापवता लावलं, एएलपी वयाला साजेशी तीन आकडी आली. त्याचे पैसे घेतले नाहीत.

बाथ आता फक्त व्हीडीआरएलला. पण गेल्या महिनाभराचे रिपोर्ट गेले त्यांचं काय करायचं?

पेठेतला_पॅथॉलॉजिस्ट

सगळे परत मागवायला नकोत. रजिस्टरमधून तापवलेल्या नमुन्यांची यादी काढा आणि त्यातले एन्झाइम व अँटिबॉडीचे रिपोर्ट तेवढे वेगळे करा. सोडियम-क्रिएटिनिनवाल्यांना त्रास देऊ नका. ज्यांच्या मूळ ट्यूबमधलं न तापवलेलं सिरम फ्रिजमध्ये अजून आहे आणि चार-पाच दिवसांच्या आतलं आहे, ते आजच लावा, एएलपी आणि एसजीपीटी तेवढे दिवस २ ते ८ अंशांवर टिकतात. बाकीच्यांच्या डॉक्टरांना फोन करून सुधारित रिपोर्ट द्यायचा, जुना नंबर तसाच ठेवून, "सुधारित" असं ठळक लिहून. आधी कार्ड निगेटिव्ह आलेले तापाचे पेशंट घ्या. आणि फोन सरांनी करावेत, तुम्ही नाही.

मीना_डीएमएलटी

यादी काढून झाली. फोन सरच करतायत, सकाळपासून. दोघांना नवीन ट्यूब द्यायला यायला सांगितलंय, त्यातला एक आंबेगावचा डेंगी निगेटिव्ह होता.